अर्ध्या टक्क्याचा हिशेब

नोव्हेंबर महिना उजाडला की तालुक्याच्या गावातील बँकांच्या पायऱ्यांवर एक ओळखीचे दृश्य दिसू लागते. हातात कापडी पिशवी, पिशवीत प्लास्टिकच्या कागदात गुंडाळलेले पासबुक आणि निवृत्तिवेतनाचे जुने कागद, अशी सत्तरी ओलांडलेली माणसे दार उघडण्याच्या अर्धा तास आधीच येऊन बसलेली असतात. त्यांना हयातीचा दाखला द्यायचा असतो. आपण अद्याप जिवंत आहोत हे वर्षातून एकदा सरकारला पटवून द्यावे लागते आणि त्याची नोंद बँकेतील कारकुनाने घ्यायची असते. या मंडळींच्या गप्पा मात्र निराळ्याच चाललेल्या असतात. अमक्या बँकेने व्याज वाढवले, तमकी ज्येष्ठांना अर्धा टक्का अधिक देते, म्हापशाला नवी शाखा निघाली आहे तिथे पाऊण टक्का जास्त मिळतो म्हणे. एवढ्यात दार उघडते, रांग लागते, आणि खिडकीपलीकडचा नुकताच बदलून आलेला तरुण हिंदीत काहीतरी विचारतो. पुढे उभ्या असलेल्या आजीला हिंदी समजत नाही. त्याला कोकणी कळत नाही आणि मराठीही कळत नाही. मागचा कोणीतरी दुभाष्या होतो. व्याजाची चर्चा तेवढ्यापुरती थांबते.

बँक निवडताना व्याज पाहावे की वागणूक, हा प्रश्न घरगुती वाटेल. अग्रलेखाचा विषय नव्हे, असेही कोणी म्हणेल. परंतु गोमंतकात तो घराघरांतला आहे. येथील बँकांत ठेवी अमाप आणि त्या मानाने कर्जवाटप तोकडे, ही या राज्याची जुनी ओळख. जहाजावर गेलेल्या, आखातात राबलेल्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या माणसांची पुंजी मुदत ठेवींत पडून आहे आणि तिच्या व्याजावर घरातील वडीलधारी माणसे दिवस काढीत आहेत. बँकेच्या हातून तिथे चूक झाली तर ती खतावणीतच राहत नाही. ती औषधाच्या चिठ्ठीपर्यंत जाऊन पोहोचते.

एक काळ असा होता की दराची तुलना करण्याला अर्थच नव्हता. १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० मध्ये आणखी सहा बँका त्यांत आल्या, आणि ठेवींवर किती व्याज द्यायचे हे रिझर्व्ह बँक ठरवून देई. मुदत ठेवींचे दर १९९७ पर्यंत टप्प्याटप्प्याने मोकळे झाले. बचत खात्याचा दर तर २५ ऑक्टोबर २०११ पर्यंत बांधलेलाच होता. दर सर्वत्र सारखा असताना ग्राहक ओढायचा तर सेवेनेच ओढता आला असता. प्रत्यक्षात घडले ते उलटेच. स्पर्धा नाही म्हटल्यावर खिडकीपलीकडे मान वर करून पाहण्याचीही गरज पुष्कळांना वाटेनाशी झाली. म्हणून १९७५ मध्ये तलवार समिती नेमावी लागली, १९९० मध्ये गोईपोरिया समिती, २०१० मध्ये दामोदरन समिती. बँकांनी ग्राहकांशी कसे वागावे हे सांगण्यासाठी या देशाला पंधरा-वीस वर्षांनी एकेक समिती लागते, यातच काय ते आले. पुढे दर मोकळे झाले आणि लंबक दुसऱ्या टोकाला गेला. आता ग्राहकच दर सोडून दुसरे काही विचारीत नाही.

तेव्हा हिशेबच करून पाहू. पाच लाखांच्या ठेवीवर अर्धा टक्का म्हणजे वर्षाला २,५०० रुपये, महिन्याला दोनशेहून थोडे अधिक. ज्याचे घर व्याजावर चालते त्याच्या दृष्टीने ही रक्कम क्षुल्लक नाही आणि तिची थट्टा करण्याचा अधिकार भरल्या पोटाच्या माणसाला नाही. पण याच ठेवीची दुसरी बाजूही पाहावी. समजा, ती सात टक्क्यांची आहे. मुदत संपली. बँकेने कळवले नाही. कळवले असेल तर मुलाच्या जुन्या फोनवर, आणि मुलगा दुबईला. ठेव आपोआप पुढे चालते अशी आईची समजूत. ती चालते, परंतु ठेव ठेवताना तशी सूचना लिहून दिलेली असेल तरच. एरवी, रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०२१ मधील आदेशानुसार, मुदत संपून पडून राहिलेल्या रकमेवर बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा मूळ दर, यांपैकी जो कमी असेल तोच मिळतो. बचतीचा दर अडीच टक्के धरला तर वर्षाला ३५,००० रुपयांऐवजी १२,५०० हाती येतात. साडेबावीस हजार गेले. अर्धा टक्का अधिक मिळवून जे नऊ वर्षांत साठले असते ते एका न आलेल्या पत्राने एका वर्षात नेले.

सेवा आणि दर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा समजच मुळात चुकीचा आहे. ठेवीची मुदत संपत असल्याचे वेळेवर सांगणारा कारकून हा व्याजाचाच भाग आहे. खातेदार वारल्यावर त्याच्या पत्नीला दहा हेलपाटे न घालायला लावता रक्कम मोकळी करणारा व्यवस्थापक, हाही व्याजाचाच भाग. काणकोणहून वा वाळपईहून एक हेलपाटा म्हणजे बसभाडे, बुडालेली अर्ध्या दिवसाची मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचीही मजुरी. हे नुकसान दरपत्रकावर छापलेले नसते म्हणून ते आपल्या हिशेबात धरले जात नाही, एवढेच.

मात्र सेवा म्हणजे काय हे नीट समजून घेतले पाहिजे. वातानुकूलित खोली, गुळगुळीत खुर्च्या, दिवाळीला भेट म्हणून दिनदर्शिका, 'या, बसा' म्हणणारी गोड वाणी, ही सेवा नव्हे. किंबहुना जिथे स्वागत अतिगोड तिथे आम्हाला थोडी धास्तीच वाटते. ठेव ठेवायला गेलेल्या निवृत्त शिक्षकाला चहा पाजून विम्याची पॉलिसी गळ्यात बांधल्याची आणि पुढल्या वर्षी हप्त्याची सूचना आल्यावर त्याला ते कळल्याची तक्रार नित्याची झाली आहे. तो चहा महागात पडतो. नको असलेली वस्तू गळ्यात न मारणे, हा सेवेचा पहिला नियम आहे असे आम्ही मानतो.

खरी सेवा कशी असते याचा नमुना आपल्याच किनाऱ्यावर सापडतो. उडुपीला १९२५ मध्ये निघालेल्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेव सुरू केली. बँकेचा माणूस रोज दारात येई आणि दोन आण्यांसारखी रक्कमही नोंदवून घेऊन जाई. विणकर, मासळीवाली, पानपट्टीवाला यांना बँकेची पायरी चढायची भीती वाटे. म्हणून बँकच त्यांची पायरी चढली. गोव्याच्या बाजारपेठांतही 'पिग्मी' हा शब्द पुढे इतका रुळला की तो इंग्रजी आहे याची आठवण कोणाला राहिली नाही. त्या योजनेत कोणी दर विचारून पैसे घातले नसतील. रोज ठरल्या वेळी माणूस येतो आणि वहीत आकडा बरोबर लिहितो, एवढ्यावर ती चालली. १ एप्रिल २०२० रोजी सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत विलीन झाली आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत. दारावरची पाटी बदलली. पाटीबरोबर ती ओळख किती टिकली हे ज्याने त्याने आपल्या शाखेपुरते सांगावे.

पण ओळखीवरही विसंबून राहता येत नाही, हा गोमंतकाचा दुसरा आणि अधिक कडू अनुभव. पोर्तुगीज अमदानीत बांको नासिओनाल उल्त्रामारिनो ही राजवटीची बँक होती. तिच्यात लोकांनी घरच्या बायकांचे दागिने गहाण ठेवले, कारण तिच्यापेक्षा भक्कम दुसरे काही दिसत नव्हते. डिसेंबर १९६१ मध्ये मुक्ती आली, आणि ते सोने मात्र लिस्बनला पोहोचलेले होते. ते परत यायला १९९१ साल उजाडावे लागले. तीस वर्षे! गहाण ठेवणाऱ्यांपैकी कितीजण तोवर उरले होते, आणि ज्या मुलीच्या लग्नासाठी त्या पाटल्या राखल्या होत्या तिची मुलेही तोवर लग्नाची झाली असतील. ते कर्ज किती टक्क्यांनी घेतले होते, हे त्यानंतर कोणाला आठवणार?

आणि हे परक्या राजवटीच्या बँकेचे झाले. आपल्या माणसांनी काढलेल्या बँकांचे काय? म्हापसा अर्बन सहकारी बँकेवर २०१५ मध्ये निर्बंध आले आणि एप्रिल २०२० मध्ये तिचा परवाना रद्द झाला. मडगाव अर्बनचा परवाना जुलै २०२१ मध्ये गेला. अशा सहकारी बँकांत ठेव ठेवणाऱ्याला दोन्ही गोष्टी एकदम मिळत: व्याज थोडे अधिक आणि माणसे घरची. कारकून गावातला, अर्ज आपल्या भाषेत, खिडकीवर विचारपूस. जिव्हाळा खोटा होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु खातेदाराची आपुलकीने चौकशी करणे वेगळे आणि त्याचा पैसा कोणाला कर्जाऊ दिला जातो यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणे वेगळे. दुसरे काम खिडकीवर दिसत नाही. म्हणून ठेवविम्याची मर्यादा प्रत्येकाने पाठ केली पाहिजे. १९९३ पासून ती एक लाख होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख आहे. ती एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व शाखांतील रकमा आणि व्याज मिळून आहे. बँकेवर निर्बंध आल्यास नव्वद दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद २०२१ मध्ये कायद्यात झाली. त्याआधीच्या ठेवीदारांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली. पाच लाखांच्या वरची रक्कम असेल तर ती दोन बँकांत विभागणे हे अर्ध्या टक्क्याच्या शोधापेक्षा शहाणपणाचे आहे.

येथे एक भेद केला पाहिजे, नाहीतर आमचे म्हणणे एकांगी होईल. हे सारे ठेवीदाराबद्दल झाले. कर्ज घेणाऱ्याने मात्र दराला पहिले स्थान द्यावे. पंचवीस लाखांचे गृहकर्ज वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे २१,७०० रुपये येतो. नऊ टक्क्यांनी घेतले तर सुमारे २२,५००. महिन्याला आठशे रुपयांचा हा फरक वीस वर्षांत एक लाख नव्वद हजारांच्या घरात जातो. कर्जदार बँकेला बांधलेला असतो, पण तिचे बुडणे त्याला ठेवीदाराइतके छळीत नाही. त्याने गोड बोलण्याला भुलू नये. तरी त्यालाही एक दिवस माणसाची गरज लागते. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या तेव्हा दारात उभ्या ट्रकचा हप्ता भरायचा कसा या विवंचनेतल्या मालकाला पाव टक्का आठवला नसेल. समोर बसून ऐकून घेणारा अधिकारी हवा होता.

भाषेचा मुद्दा सुरुवातीला आला तो पुरा करू. बँकेचे अर्ज आणि फलक त्रैभाषिक असावेत, त्यात स्थानिक भाषा असावी, असे रिझर्व्ह बँकेचे स्पष्ट सांगणे आहे. गोव्यात १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि शासनव्यवहारात मराठीलाही स्थान राहिले. तरीही खेड्यातील शाखेत पैसे भरण्याची चिठ्ठी इंग्रजी-हिंदीत असते आणि ती भरून देण्यासाठी म्हातारा माणूस रांगेतल्या परक्याला आपल्या खात्याचा आकडा सांगतो. फसवणुकीच्या या दिवसांत हे किती धोक्याचे आहे हे बँकांना समजत नाही असे कसे म्हणावे? तक्रार लेखी द्यावी, पोच घ्यावी, तीस दिवसांत उत्तर नाही आले तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. त्याला शुल्क लागत नाही. आपल्याकडे मात्र तक्रार करण्यापेक्षा खाते हलवणे सोपे वाटते, आणि तेही पुन्हा दर पाहूनच हलवले जाते.

पायऱ्यांवर बसलेल्या त्या मंडळींसाठी शेवटी एक गोष्ट. सत्तर वर्षांवरील आणि अपंग ग्राहकांना रोकड पोहोचवणे, त्यांची कागदपत्रे आणि हयातीचा दाखला घरी जाऊन घेणे, अशी व्यवस्था बँकांनी करावी, असे रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्येच कळवून ठेवलेले आहे. नव्या बँकेचा दर विचारायला म्हापशाला जाण्याआधी त्यांनी आपल्याच शाखेत जाऊन विचारावे की आमच्याकडे तुमचा माणूस केव्हा येणार? आणि मिळेल ते उत्तर तारखेसह लिहून घ्यावे.