साळुंकी इस्राएलात आली, चिमणीचं काय झालं?

भारतातून आलेल्या आपल्या माणसांना इस्राएलच्या रस्त्यावर साळुंकी दिसली की बरं वाटतं. तेच तपकिरी अंग, पिवळी चोच आणि तोच कलकलाट. हिब्रूत तिला "मायना" म्हणतात, म्हणजे आपली मैनाच. माझे एक शेजारी गमतीनं म्हणतात, "हिनंही आपल्यासारखीच आलिया केली!"

पण ती स्वतः उडून आली नाही. पाळण्यासाठी पिंजऱ्यातून आणलेल्या काही साळुंक्या १९९०च्या दशकाच्या अखेरीस तेल अवीवच्या यार्कोन पार्कमध्ये मोकळ्या सुटल्या. तिथून त्या देशभर पसरल्या. हिरव्या पोपटाची, म्हणजे हिब्रूतल्या "द्रारा"ची, गोष्टही अशीच आहे. तो तर तिच्याही आधी सुटला.

हे पक्षी इतके का वाढले? एक कारण म्हणजे त्यांना माणसाची भीती कमी. संशोधक ही भीती मोजतात, आणि पद्धत अगदी सोपी आहे. पक्ष्याच्या दिशेनं सावकाश चालत जायचं आणि तो किती अंतरावर उडतो ते मोजायचं. शहरातले पक्षी गावाबाहेरच्या पक्ष्यांपेक्षा माणसाला जास्त जवळ येऊ देतात. साळुंकी तर आपल्या पायाशी चालते, कचऱ्यातलं खाते आणि भिंतीतल्या कुठल्याही भोकात घरटं करते.

अडचण भोकांचीच आहे. सुतार पक्षी झाडात ढोली कोरतो. पोपट तिचं तोंड मोठं करतो. साळुंकीला स्वतः ढोली कोरता येत नाही, म्हणून ती तयार ढोली बळकावते. दुखिफात, म्हणजे आपला हुदहुद, यालाही ढोली कोरता येत नाही. वायिक्रात ज्याचं नाव येतं आणि २००८ साली जो इस्राएलचा राष्ट्रीय पक्षी झाला, त्याच्या घरट्याच्या जागा पोपट घेतात असं इथल्या संशोधकांना आढळलं.

चिमणीचं काय? इस्राएलची निसर्ग संरक्षण सोसायटी २००६पासून दर हिवाळ्यात घराभोवतीच्या पक्ष्यांची गणना करते. तिच्या अनेक वर्षांच्या नोंदी हायफाच्या टेक्निऑनमधल्या संशोधकांनी तपासल्या. साळुंकी आणि पोपट अनेक पटींनी वाढले, चिमणी आणि इतर काही स्थानिक पक्षी कमी झाले. मात्र दोन गोष्टी एकाच वेळी घडल्या म्हणून सगळा दोष साळुंकीचा ठरत नाही. नव्या इमारतींत फटी नाहीत, औषधं मारल्यामुळे पिल्लांना भरवायला किडे कमी, हेही चिमणीला नडतं.

आपल्याला काय करता येईल?

उरलेला भात, पोळी, ब्रेड बाहेर टाकू नका. त्यानं साळुंक्याच वाढतात. उन्हाळ्यात उथळ भांड्यात पाणी ठेवलं तर चालेल. चिमणीसाठी लाकडी पेटी लावायची तर भोक सव्वातीन सेंटिमीटरचं ठेवा. चिमणी आत जाते, साळुंकी आणि पोपट जात नाहीत. आणि पाळलेला पक्षी कधीही बाहेर सोडू नका. आपल्याला ती दया वाटते, पण हे सगळं सुरू झालं ते पिंजऱ्यातले पक्षी बाहेर सुटल्यामुळेच.

गणनेतही भाग घ्या. तू बिश्वातला आपण एलियाहू हन्नाबीचा मलिदा करतो, त्याच सुमारास ती होते. बाल्कनीत किंवा बागेत दहा मिनिटं बसायचं. प्रत्येक जातीचे एका वेळी जास्तीत जास्त किती पक्षी दिसले ते लिहायचं, म्हणजे एकच पक्षी दोनदा मोजला जात नाही. नातवंडांना सोबत घ्या. त्यांना हिब्रू नावं येतात, आपल्याला मराठी.

शेजाऱ्यांना मी एवढंच सांगतो: आलिया आपण आपल्या मनानं केली, साळुंकीला कोणी विचारलं नव्हतं. तिच्यावर राग धरू नये. पण चिमणीला जागा राहील, एवढं आपण नक्की बघू शकतो.