लाकडाचा रंग कोणता?

लाकडाचा रंग कोणता, असे कोणी विचारले तर आपण क्षणाचाही विलंब न लावता ‘तपकिरी’ असे सांगून मोकळे होतो. हे उत्तर किती तोकडे आहे, ते पाहावयाचे असेल तर नागपुरास आमच्या लकडगंजात यावे. येथल्या टालांवर नि आरामशिनींपुढे घटकाभर उभे राहावे. ताजा चिरलेला साग सोनेरी असतो, त्यात किंचित हिरवट झाक असते, आणि उजेडात राहिला की तो हळूहळू बदामी होतो. हळदू नावाप्रमाणेच पिवळा. शिसव जांभळट काळी. बिजाची तऱ्हा तर सर्वांहून न्यारी! लाकूड तांबूस, पण त्याचा तुकडा रात्रभर पाण्यात ठेवून ते पाणी उन्हात धरले, तर त्यावर निळी झाक उमटते.

मी मराठीचा प्राध्यापक. चित्रकलेशी माझे नाते केवळ पाहणाऱ्याचे. पण अमूर्त चित्रापुढे उभे राहून कोणी ‘‘यात आहे तरी काय?’’ असे म्हणाले, की मला या फळ्या आठवतात. सागाच्या फळीवरील रेषा हे कशाचे चित्र आहे, असे आपण सुतारास कधी विचारतो काय? फळी आपल्याला आवडते, किंवा आवडत नाही. मग बिचाऱ्या कॅनव्हासनेच काय घोडे मारले आहे?

हा प्रश्न नागपूरकरांनी तरी विचारू नये. वासुदेव गायतोंडे यांचा जन्म १९२४ साली याच शहरातला, घराणे गोव्याचे. ‘अमूर्त’ हा शब्दही त्यांना मानवत नसे; आपली चित्रे वस्तुनिरपेक्ष आहेत, असे ते म्हणत. रोलरने रंग पसरावा, सुरीने तो खरवडावा, असे करीत ते वर्षाकाठी मोजकीच चित्रे पुरी करीत. त्यांच्या निधनानंतर, २०१४ साली, न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात त्यांच्या चित्रांचे मोठे प्रदर्शन भरले. दुसरे सय्यद हैदर रझा. वनखात्यातील नोकरदाराचे हे चिरंजीव मंडला जिल्ह्याच्या जंगलात वाढले आणि १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या चित्रशाळेत शिकले. चंचल पोराचे चित्त स्थिर व्हावे म्हणून गुरुजींनी त्यांना भिंतीवरील ठिपक्याकडे पाहत बसविले होते, असे ते सांगत. पुढे फ्रान्समध्ये राहून त्यांनी तोच ‘बिंदू’ रंगविला. काळा, पांढरा, लाल, पिवळा आणि निळा या पाच रंगांत त्यांना पंचमहाभूते दिसत.

रंगांविषयी एक शास्त्रीय गंमत सांगतो. फ्रान्समधील गोबलँ या चित्रगालिच्यांच्या कारखान्यात काळे सूत फिके दिसते, अशी तक्रार आली. तेथील रंगखात्याचे प्रमुख शेव्रल हे रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी शोध घेतला तेव्हा कळले, की दोष रंगाचा नव्हता, शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा होता! १८३९ साली त्यांनी यावर ग्रंथच प्रसिद्ध केला. रंगाचे रूप त्याच्या शेजारावर ठरते. आपल्या गृहिणींना हे लुगड्याला खण जुळविताना ग्रंथावाचूनही कळत आले आहे.

जे शेजाराचे, तेच द्रव्याचेही. पिवळी हळद चुन्याशी गाठ पडताच लाल होते. पिवळी माती भाजली की तांबडी होते. पण हळदीचा रंग उन्हात उडतो, मातीचा टिकतो. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू, पिवळी माती, हिरवा दगड आणि काजळी पंधराशे वर्षे तग धरून आहेत. आपल्या भाषेनेही रंगांची नावे वस्तूंवरूनच घेतली: आमसुली, अंजिरी, शेवाळी, राखी, मोतिया, गव्हाळ. आज वर्गात ‘आमसुली’ म्हटले की निम्मे चेहरे कोरे राहतात. वस्तू घरातून गेली, तिच्यामागे शब्द गेला, आणि मग दोन तांबड्या छटांतला भेद सांगायचा तरी कसा?

ही काळजी केवळ भाषेची नव्हे. माझ्या धाकटीने संध्याकाळच्या झाडाचे खोड जांभळे रंगविले, तेव्हा ‘खोड तपकिरी असते’ असा लाल शेरा मिळून तिचे गुण कापले गेले. संध्याकाळच्या सावलीत खोड जांभळे दिसते, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यानंतर दोन महिने तिने रंगपेटी उघडली नाही. मुलाने पाहिलेले खोटे आणि आपण पाठ केलेले खरे, असे एकदा ठरले की त्या मुलाचे पाहणे थांबते. पुढे ते अमूर्त चित्रापुढेच काय, पळसाच्या झाडापुढेही आंधळे उभे राहणार!

म्हणून गेल्या दिवाळीत मी तिला घेऊन टालांवर गेलो आणि साग, हळदू, शिसव, बिजा यांचा भुसा चार पिशव्यांत भरून आणला. रंगाची पूड न घालता आम्ही अंगणात रांगोळी घातली. मोर नाही, कमळ नाही. नुसते पट्टे आणि वर्तुळे. शेजारच्या काकूंनी विचारले, ‘‘हे काय काढलंय गं?’’ धाकटी म्हणाली, ‘‘काकू, आधी बघा तर!’’ काकू वाकून बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘हा सागाचा रंग हळदूजवळ निराळा दिसतो नि शिसवीजवळ निराळा.’’ शेव्रलसाहेबांचे नाव त्यांनी कधी ऐकलेले नाही.

वाचकहो, यंदा आपणही एक करून पाहा. राखेची दोन सारखी वर्तुळे काढा. एक हळदीवर, दुसरे गेरूवर. पहिले निळसर भासेल, दुसऱ्यात हिरवट झाक येईल. मुलांना मात्र उत्तर आधी सांगू नका. त्यांना काय दिसते, ते त्यांनाच सांगू द्या.