दंतसाहाय्यक परिभाषा

दंतवैद्याला उपकरणे हाती देणे, रुग्णाच्या तोंडातील लाळ व पाणी शोषून घेणे, भरणद्रव्ये कालविणे, तपासणीच्या नोंदी लिहिणे व वापरलेली उपकरणे पुन्हा निर्जंतुक करणे ही कामे करणाऱ्या व्यक्तीस दंतसाहाय्यक म्हणतात. या कामात नित्य वापराव्या लागणाऱ्या शब्दांच्या, अंकांच्या व संक्षेपांच्या समुच्चयाला दंतसाहाय्यक परिभाषा असे म्हणता येईल. दंतवैद्य तोंडात पाहत असताना जे बोलतो, ते साहाय्यक कागदावर उतरवितो आणि पुढील उपचार त्या कागदावरून होतात. त्यामुळे येथे एखादा शब्द वा अंक चुकल्यास निरोगी दात काढला जाण्यापर्यंत परिणाम होऊ शकतो.

इतिहास : दातांच्या विकारांना निश्चित नावे देण्याची परंपरा भारतात प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या ६५ दिली असून त्यांची विभागणी ओठ, दंतमूल, दात, जीभ, तालू, कंठ व संपूर्ण मुख अशा सात स्थानांत केली आहे. त्यांपैकी दंतमूलाचे १५ व प्रत्यक्ष दातांचे ८ रोग आहेत. दंतशर्करा (दातांवर साचणारा कठीण थर), दंतहर्ष (दात आंबणे) व कृमिदंतक (दात किडणे) ही नावे त्यांतीलच होत. दातात कृमी असतो ही समजूत अनेक संस्कृतींत होती. प्येर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने १७२८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात ती नाकारली. तोंडातील सूक्ष्मजंतू पिष्टमय व शर्करायुक्त अन्नापासून अम्ल तयार करतात व त्या अम्लामुळे दात झिजतो, हे स्पष्टीकरण डब्ल्यू. डी. मिलर यांनी १८९० मध्ये मांडले. मराठीत ‘दाताला कीड लागली’ हा प्रयोग मात्र अद्याप रूढ आहे.

प्रशिक्षित साहाय्यकाची प्रथा अमेरिकेत सुरू झाली. न्यू ऑर्लीन्स येथील सी. एडमंड केल्स यांनी १८८५ मध्ये आपल्या चिकित्सालयात एका स्त्रीची साहाय्यक म्हणून नेमणूक केली. या व्यवसायातील पहिली नेमणूक म्हणून ती सामान्यतः ओळखली जाते. भारतात १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने दंतवैद्यांबरोबर दंतारोग्यक व दंतयांत्रिक या दोन वर्गांच्या नोंदणीची तरतूद केली. खुर्चीजवळ काम करणाऱ्या साहाय्यकाचा मात्र त्यात स्वतंत्र वर्ग नव्हता. परिणामी अनेक ठिकाणी साहाय्यक ही परिभाषा कामावरच, ऐकून ऐकून शिकत आले आहेत. ऐकून शिकलेल्या शब्दांचा अर्थ नेमका ठाऊक नसणे, हा या पद्धतीतील मुख्य दोष होय.

दाताचे भाग : हिरडीबाहेर दिसणाऱ्या भागास दंतशिखर, जबड्याच्या हाडात रुतलेल्या भागास दंतमूळ व दोहोंच्या सांध्यास ग्रीवा म्हणतात. शिखरावरील पांढऱ्या कठीण आवरणाला दंतवल्क म्हणतात. शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ तोच होय. त्याखाली दंतिन असून दंतिनाच्या पोकळीत रक्तवाहिन्या व तंत्रिका असलेला मृदू दंतमगज असतो. मुळावर संधानकाचा पातळ थर असतो. किडीची खोली सांगताना ती दंतवल्कापुरती, दंतिनापर्यंत की दंतमगजापर्यंत गेली आहे असे सांगतात. पहिल्या दोहोंत बहुधा दात भरून भागते, तर मगज बाधित झाल्यास मूलनलिकोपचार करावा लागतो.

प्रौढाच्या तोंडात एकूण ३२ दात असतात. जबड्याच्या प्रत्येक अर्ध्या भागात मध्यरेषेपासून मागे दोन कृंतक, एक सुळा, दोन उपदाढा व तीन दाढा असा क्रम असतो. दुधाचे दात २० असून त्यांत उपदाढा नसतात. साधारणतः सहाव्या ते बाराव्या वर्षापर्यंत दोन्ही प्रकारचे दात तोंडात एकत्र असतात. या अवस्थेस मिश्र दंतावस्था म्हणतात आणि नोंदीच्या चुकांचा धोका तीत विशेष असतो.

दाताची पृष्ठे : दंतपंक्ती कमानीसारखी वळलेली असल्यामुळे पुढे, मागे, आत व बाहेर हे शब्द अपुरे पडतात. म्हणून कमानीच्या मध्यरेषेकडील पृष्ठास मध्याभिमुख (मेझियल) व तिच्यापासून दूरच्या पृष्ठास दूराभिमुख (डिस्टल) म्हणतात. गालाकडील पृष्ठ बकल, ओठाकडील लेबियल, जिभेकडील लिंग्वल, वरच्या जबड्यात टाळ्याकडील पॅलेटल व चावण्याचे ऑक्लूजल होय. पुढील दातांना चावण्याचे पृष्ठ नसून कर्तन-कडा असते. नोंदीत या नावांची आद्याक्षरे लिहितात. उदा., दाढेची कीड मध्याभिमुख, चर्वण व दूराभिमुख अशा तिन्ही पृष्ठांवर असल्यास ‘एमओडी’ असे लिहितात.

किडीच्या स्थानांचे वर्गीकरण अमेरिकन दंतवैद्य ग्रीन वार्डिमन ब्लॅक (१८३६–१९१५) यांनी केले. पहिल्या वर्गात खाचा व खळगे, दुसऱ्यात दाढा व उपदाढांची लगतची पृष्ठे, तिसऱ्यात पुढील दातांची लगतची पृष्ठे, चौथ्यात कर्तन-कोनासह तीच पृष्ठे आणि पाचव्यात हिरडीलगतचा भाग येतो. दाढांचे उंचवटे व कर्तन-कडा यांसाठी सहावा वर्ग नंतर जोडण्यात आला. वर्ग कळताच साहाय्यकाला कोणती उपकरणे मांडावयाची हे कळते. दुसऱ्या वर्गासाठी भरणद्रव्य शेजारच्या दाताला चिकटू नये म्हणून पट्टी व पाचर लागते, पहिल्या वर्गासाठी ती लागत नाही.

दंतांकन : प्रत्येक दाताला स्वतंत्र खूण देण्याच्या पद्धतीस दंतांकन म्हणतात. व्हिएन्ना येथील आडोल्फ झिगमोंडी यांनी १८६१ मध्ये एक उभी व एक आडवी रेषा काढून तोंडाचे चार चतुर्थांश दाखविण्याची आणि प्रत्येकात मध्यरेषेपासून १ ते ८ अंक लिहिण्याची पद्धत सुचविली. अमेरिकेत तीच पामर यांच्या नावाने प्रसिद्ध झाली. ही पद्धत डोळ्यांना सुबोध असली, तरी तिची रेषांची चौकट टंकलेखन यंत्रावर उमटविता येत नसे व तोंडाने उच्चारताही येत नसे. अमेरिकन दंतवैद्यक संघटनेने १९६८ मध्ये स्वीकारलेल्या सार्वत्रिक पद्धतीत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून वरच्या डाव्या अक्कलदाढेपर्यंत १ ते १६ व तेथून खाली उतरून डावीकडून उजवीकडे १७ ते ३२ असे सलग क्रमांक देतात.

आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघाने १९७० मध्ये द्विअंकी पद्धत पुरस्कृत केली. भारतासह बहुतेक देशांत तीच प्रचलित आहे. तीत पहिला अंक चतुर्थांश दाखवितो : कायम दातांसाठी वरचा उजवा १, वरचा डावा २, खालचा डावा ३ व खालचा उजवा ४, दुधाच्या दातांसाठी याच क्रमाने ५ ते ८. दुसरा अंक मध्यरेषेपासूनचे स्थान सांगतो. यानुसार ३६ म्हणजे खालची डावी पहिली दाढ होय. हीच दाढ सार्वत्रिक पद्धतीत १९ ठरते. उलट १८ हा अंक द्विअंकी पद्धतीत वरची उजवी अक्कलदाढ, तर सार्वत्रिक पद्धतीत खालची डावी दुसरी दाढ दर्शवितो. म्हणून परदेशातून आलेल्या रुग्णाच्या कागदपत्रांतील अंक कोणत्या पद्धतीचे आहेत हे आधी पाहावे लागते.

द्विअंकी पद्धतीत अंक सुटे उच्चारावेत असा संकेत आहे. ३६ ला ‘छत्तीस’ न म्हणता ‘तीन-सहा’ म्हणतात. मराठी भाषकांच्या दृष्टीने या संकेताचे महत्त्व अधिक आहे, कारण मराठी संख्यावाचकांत एकम स्थानाचा अंक आधी व दशम स्थानाचा नंतर उच्चारला जातो. शिवाय अठ्ठावीस व अठ्ठेचाळीस, पंचवीस व पंचेचाळीस हे शब्द यंत्राच्या आवाजात व मुखपट्टीआडून सारखेच ऐकू येतात. २८ ही वरची डावी अक्कलदाढ व ४८ ही खालची उजवी अक्कलदाढ. ऐकण्यातील एवढ्याशा चुकीने तोंडाची बाजू व जबडा दोन्ही बदलतात.

नोंद बिनचूक असूनही दात चुकण्याची आणखी तीन कारणे आहेत. तक्त्यावर रुग्णाची उजवी बाजू वाचणाऱ्याच्या डावीकडे असते. पहिली दाढ पूर्वी काढलेली असल्यास दुसरी पुढे सरकून तिच्या जागी येते व तीच पहिली आहे असा भास होतो. दात सरळ करण्यासाठी जागा हवी म्हणून उपदाढा काढावयाची असल्यास ती निरोगीच असते, त्यामुळे पाहून खात्री करण्यास कीड वा सूज यांची खूण मिळत नाही. यासाठी दात काढण्यापूर्वी अंक, दाताचे नाव व बाजू ही तिन्ही मोठ्याने उच्चारून नोंद, क्ष-किरण चित्र व प्रत्यक्ष दात यांचा मेळ घालतात. मेळ न जमल्यास काम थांबवून तसे सांगणे हा साहाय्यकाच्या कर्तव्याचाच भाग होय.

रुग्णाची भाषा : परिभाषेची दुसरी बाजू म्हणजे रुग्ण वापरतो ते शब्द. मराठीत दातांच्या वेदनांसाठी सूक्ष्म अर्थच्छटांचे शब्द आहेत व ते निदानास उपयोगी पडतात. ‘दात आंबतात’ याचा अर्थ बहुधा दंतिन उघडे पडून गार, आंबट वा गोड पदार्थ झोंबतात असा असतो. ‘ठणका लागतो’, विशेषतः रात्री आडवे झाल्यावर, हे दंतमगजाच्या दाहाचे लक्षण असू शकते. ‘चावताना कळ येते’ हे मुळाच्या टोकाशी झालेला दाह किंवा दातास गेलेली चीर सुचविते. ‘दात हलतो’ व ‘हिरडीतून रक्त येते’ या तक्रारी हिरडी व आधार-ऊतकांच्या रोगांकडे निर्देश करतात. अनेक रुग्ण कोणत्याही मागील दातास ‘दाढ’ म्हणतात, म्हणून बोट लावून दात दाखविण्यास सांगणे श्रेयस्कर असते. रुग्णाचे शब्द नोंदीत आहेत तसेच लिहावेत. त्यांचे पारिभाषिक रूपांतर दंतवैद्यावर सोपवावे.

उपकरणे व द्रव्ये : तपासणीच्या तबकात मुखदर्पण, टोकदार शोधणी, चिमटा व हिरडीच्या कप्प्याची खोली मोजणारी अंकित सळई असते. सळईने मिळालेली मापे मिलिमीटरमध्ये सांगतात. दात उपटण्याच्या संदंशांपैकी खालच्या दातांच्या संदंशाची चोच मुठीशी जवळजवळ काटकोनात वळलेली असते. वरच्या दाढांसाठी उजवा व डावा असे निरनिराळे संदंश लागतात, कारण त्या दाढांना गालाच्या बाजूस दोन मुळे असून त्यांच्या बेचक्यात बसणारी टोकदार चोच गालाकडेच यावी लागते. चुकीच्या बाजूचा संदंश हाती देणे ही नवशिक्याची नेहमीची चूक होय.

भरणद्रव्यांत पारदमेल, काच-आयनोमर सिमेंट व संमिश्र राळ ही प्रमुख आहेत. ‘कालविणे’, ‘घट्ट होणे’ व ‘पूर्ण कठीण होणे’ हे शब्द येथे काळमर्यादा दर्शवितात. सिमेंटची चमक जाण्यापूर्वीच ते दातात भरले पाहिजे, अन्यथा ते दाताला नीट चिकटत नाही. पारा विषारी असल्यामुळे २०१३ च्या मिनामाता करारात पारदमेलाचा वापर कमी करण्याच्या तरतुदी आहेत.

संरक्षणविषयक संज्ञा : स्वच्छ करणे, जंतुनाशन व निर्जंतुकीकरण हे शब्द व्यवहारात समानार्थी मानले जातात, परंतु परिभाषेत ते भिन्न आहेत. पहिल्यात दृश्य मळ जातो, दुसऱ्यात बहुतेक रोगजंतू नष्ट होतात व तिसऱ्यात बीजाणूंसह सर्व सूक्ष्मजीव नष्ट होतात. उकळत्या पाण्याने बीजाणू खात्रीने मरत नाहीत, म्हणून केवळ उकळलेले उपकरण निर्जंतुक म्हणता येत नाही. त्यासाठी दाबपात्रात १२१° से. तापमानाची वाफ किमान १५ मिनिटे व वेष्टित उपकरणांसाठी त्याहून अधिक काळ द्यावी लागते. यकृतशोथ-ब सारखे रोग रक्तातून पसरत असल्याने हा शब्दभेद रुग्णाइतकाच साहाय्यकाच्याही जिवाशी निगडित आहे.

क्ष-किरणांबाबतही तसेच आहे. दंतवैद्यकात क्ष-किरण आणणाऱ्या अग्रणींमध्ये वर उल्लेखिलेले केल्स होते. त्या किरणांच्या वारंवार संपर्कामुळे त्यांना प्रथम बोटे व पुढे हात गमवावा लागला. रुग्णाच्या तोंडातील फिल्म किंवा संवेदक साहाय्यकाने स्वतःच्या हाताने धरू नये, हा नियम अशा अनुभवांतून आलेला आहे.

चिकित्सालयातील बरेचसे पारिभाषिक शब्द इंग्रजी असून मराठीत ते तसेच रुळले आहेत व ते बदलण्याचा आग्रह धरण्याचे कारण नाही. शिकणाऱ्याला प्रत्येक शब्दाचा अर्थ स्वतःच्या भाषेत सांगता आला व तो दात आरशात दाखविता आला, म्हणजे तो शब्द त्याला खरोखर आला असे समजावे.