चला, लॅपटॉप पाखडूया!

सुपा आणि सूप! कानात सांगितलं, तर फरक एका कान्याचा. सुपात धान्य पाखडतात आणि अहिल्यानगर जिल्ह्यातल्या आपल्या सुप्यात सध्या पाखडायला हवेत लॅपटॉप. का? कारण विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. नावनोंदणी केलेल्या घरगुती मशिनांना सिक्युरिटी अपडेट मिळणार, पण तेही 13 ऑक्टोबर 2026 पर्यंतच. म्हणजे विंडोज 10 गेलं जात्यात आणि 11 हसतंय सुपात!

या 11 साहेबांना राहायला किमान 64 जीबीची ड्राइव्ह लागते. एमआयडीसीतलं ऑफिस असो, नगर-पुणे हायवेवरचं झेरॉक्सचं दुकान असो की कॉलेजच्या पोरीचा जुना लॅपटॉप, प्रश्न एकच: जागा आहे का, जागा?

माहीत आहे का, जगातली पहिली कमर्शियल हार्ड डिस्क जवळपास एक टन वजनाची होती? आयबीएमची 350, साल 1956. आत दोन-दोन फुटी 50 तबकड्या. आणि मावायचं किती? पावणेचार एमबी! आज फोनवर काढलेला एखादा मोठा फोटोही तिच्यात बसला नसता.

पण ज्ञानेश्वरी बसली असती! आपल्याच जिल्ह्यातल्या नेवाशात सांगितलेला ग्रंथ, ओव्या नऊ हजारांच्या वर. एका ओवीला अगदी सढळ हाताने 300 बाइट धरले, तरी सगळा ग्रंथ 27-28 लाख बाइटांत आटोपतो. म्हणजे पावणेतीन एमबीच्या आसपास!

आता वरातीच्या व्हिडिओकडे वळा. फुल एचडीमधलं एक मिनिट सहज शंभर एमबी खातं. डीजेवरचा एक मिनिटाचा नाच म्हणजे पस्तीसेक ज्ञानेश्वऱ्या! म्हणून वर्ड आणि एक्सेलच्या फायली पुसत बसू नका. त्यांनी तुमचं काहीच अडवलेलं नाही. व्हिडिओ शोधा, व्हिडिओ!

मराठी अक्षर मात्र बाइटांच्या बाबतीत दिलदार. इंग्रजी ए-बी-सी-डी एका बाइटात भागतं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला 3 बाइट लागतात, काना-मात्रेलासुद्धा! त्यामुळे ‘सुपा’ झाला 12 बाइटांचा. ‘अहमदनगर’ होतं 21 बाइटांचं, ते 2024 मध्ये ‘अहिल्यानगर’ झालं आणि 30 वर गेलं. जिल्ह्याचं नाव 9 बाइटांनी वाढलं!

एक जादू घरीच करून बघा. नोटपॅड उघडा, ‘सुपा’ टाइप करा, सेव्ह करा. मग त्या फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीज बघा. साइज 12 बाइट, पण ‘साइज ऑन डिस्क’ बहुतेक वेळा शून्य! इतकी चिमुकली फाइल विंडोज वेगळ्या खोलीत ठेवतच नाही. फायलींच्या खतावणीतच तिचा मजकूर टिपून ठेवतं. आहे की नाही भारी?

आणि 512 जीबीचा लॅपटॉप घेतला, तर स्क्रीनवर 476 च का दिसतात? घाबरू नका, चोरी नाही! डिस्क बनवणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज 1024 च्या पटीत. डिस्क तीच, मापं दोन. शेर आणि किलोसारखं.

मापावरून आठवलं हिवरे बाजार. आपल्या जिल्ह्यातलं हे गाव दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतं. पाऊस किती पडला, प्यायला किती लागेल, गुरांना किती, शेतीला किती उरेल, हे मोजतात आणि मगच पिकं ठरतात. आधी मोजणी, मग वाटणी! मला हे फार म्हणजे फारच आवडतं. लॅपटॉपचंही अगदी हेच करायचं. सेटिंग्ज, सिस्टिम, स्टोरेज. तिथे रंगीत पट्टी दिसते: अ‍ॅप्सनी किती खाल्लं, टेम्पररी फायलींनी किती, कागदपत्रांनी किती. ती नीट वाचल्याशिवाय डिलीटला बोट लावायचं नाही. अपग्रेडसाठी सी ड्राइव्हवर 25-30 जीबी मोकळे दिसले की निर्धास्त व्हा. मशीन 11 ला पात्र आहे की नाही, ते मात्र मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ या फुकट अ‍ॅपला सगळ्यात आधी विचारा. तिथे टीपीएम 2.0 या सुरक्षा-चिपच्या अटीवर गाडी अडली, तर जागा करूनही उपयोग नाही.

बाय द वे, सी ड्राइव्हच का? ए आणि बी कुठे गेले? ती दोन्ही अक्षरं फ्लॉपीला दिलेली होती. फ्लॉपी गेली, अक्षरं राखीवच राहिली!

फ्लॉपीवर आलेलं विंडोज 95 तेरा चकत्यांत मावायचं. विंडोज 11 ची इन्स्टॉल फाइल 5 जीबीच्या वर. साध्या 1.44 एमबी फ्लॉपींवर घ्यायची म्हटली, तर निदान साडेतीन हजार लागतील. एकीवर एक रचल्या, तर साडेअकरा मीटर उंच चळत!

आता लपलेला पाहुणा. ‘हायबरफिल’ नावाची फाइल कधी दिसली का? दिसणार नाही, ती लपूनच राहते. लॅपटॉप हायबरनेट होताना रॅममधलं सगळं तिच्यात उतरतं, म्हणून ती रॅमच्या साधारण 40 टक्के जागा अडवून बसते. रॅम 8 जीबी, तर ही तीन जीबीच्या वर. हायबरनेट बंद केलं की ती जाते, पण सोबत फास्ट स्टार्टअपही जातं. अगदीच अडलं तरच हा उपाय.

रिसायकल बिन रिकामी केली का? कचरा झाडून कोपऱ्यात लोटला म्हणजे घराबाहेर गेला असं होत नाही ना! बिनमधली फाइल ज्या त्या ड्राइव्हवरच मुक्कामाला असते.

आणि गुड मॉर्निंग! भारतीयांचे फोन सारखे का भरतात, याचा शोध घेताना गुगलला सापडले सूर्योदय, गुलाब आणि सुविचार. डिसेंबर 2017 मध्ये आलेल्या त्यांच्या ‘फाइल्स गो’ अ‍ॅपने असे फोटो हुडकून काढायला सुरुवात केली. व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवर वापरत असाल, तर हेच गुलाब तिथेही फुललेले असतात.

थांबा! नाव सारखं म्हणून फाइल उडवताय? माहीत आहे का, सुपा किती आहेत? एक आपला, पारनेर तालुक्यातला. दुसरं बारामती तालुक्यातलं सुपे, शहाजीराजांच्या जहागिरीतलं. तिसरं कर्नाटकात काळी नदीवर. ते गाव धरणात बुडालं आणि धरणाला नाव देऊन गेलं. नाव जवळपास एक, गोष्टी तीन! ‘सातबारा’, ‘सातबारा (1)’, ‘सातबारा (2)’ यांचंही तसंच. एक उतारा थोरल्या चुलत्यांच्या गटाचा असू शकतो. उघडा, बघा, मग उडवा.

श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेल्या जुन्या पत्रिका आणि ठराव असतील, तर त्यांचे फॉन्टही जपा. फॉन्ट गेला की त्या मजकुराचं इंग्रजी अक्षरांचं कडबोळं होतं. फॉन्टची फाइल चिमुकली, तिच्यामागे अडकलेलं काम डोंगराएवढं.

आणि बॅकअप? ऑक्टोबर 2018 मध्ये विंडोज 10 चं मोठं अपडेट आलं आणि काही जणांच्या स्वतःच्या फायलीच गायब झाल्या! मायक्रोसॉफ्टला ते काही दिवसांतच थांबवावं लागलं आणि नोव्हेंबरात दुरुस्त करून पुन्हा सोडलं. म्हणून पाखडण्याआधी लेकरांचे फोटो, मार्कशीट, जीएसटीची कागदं बाहेरच्या डिस्कवर घ्या. लॅपटॉपच्याच डी ड्राइव्हवर नको. डिस्क गेली, तर सी आणि डी जोडीनेच जातात!

झालं अपग्रेड? आता सी ड्राइव्हवर ‘विंडोज डॉट ओल्ड’ नावाचा भलामोठा फोल्डर दिसेल. हात शिवशिवले तरी थांबा! 11 पटलं नाही, तर 10 वर परतायची वाट त्याच्यातूनच जाते आणि ती 10 दिवस उघडी असते. तेवढ्यात प्रिंटर चालवून बघा, बायोमेट्रिकचं यंत्र लावून बघा, टॅली उघडून बघा. सगळं नीट चाललं, तर काही करायची गरजच नाही. दहा दिवसांनी विंडोज तो फोल्डर स्वतःच पाखडून टाकतं.