कोंबड्यांनी औषध लावलेलं बी खाल्लं तर काय करायचं?



आजचा सल्ला पिकाचा नाही, अंगणातल्या कोंबड्यांचा आहे. मेसेज लांब आहे. आत्ता वेळ नसेल तर सेव्ह करून ठेवा, पण घरात कोंबड्या जी व्यक्ती बघते तिला नक्की वाचून दाखवा.

गेल्या रब्बीत आपल्या एका सभासद ताईंचा सकाळी साडेदहाला फोन आला. गव्हाच्या बियाण्याला वाळवीसाठी क्लोरपायरीफॉस लावून ते अंगणात ताडपत्रीवर पसरलं होतं. घरचे सगळे रानात गेले आणि अकरा कोंबड्या त्या गव्हावर तुटून पडल्या. ताई परत आल्या तेव्हा दोन मेल्या होत्या, तीन-चार लडखडत होत्या. ताईंनी मला पहिला प्रश्न विचारला तो असा: "सर, मामंजी म्हणतात मरायच्या आत कापून घेऊ. खाल्लं तर चालंल का?"

चालत नाही. अजिबात नाही. त्याबद्दल खाली लिहिलंच आहे.

पण एक गोष्ट आधी कबूल करतो. त्याच्या दोन दिवस आधी बीजप्रक्रियेचा मेसेज मीच पाठवला होता. औषध किती, पाणी किती, बी सावलीत वाळवा, हातमोजे घाला, सगळं लिहिलं होतं. "कोंबड्यांपासून लांब वाळवा" एवढं एक वाक्य राहिलं. आपल्याकडे सावली म्हणजे अंगण, आणि अंगण म्हणजे कोंबड्या, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. त्या दिवशी पाच कोंबड्या गेल्या, सहा वाचल्या. त्या सहा कशा वाचल्या ते आज सांगतो.

*आधी समजून घ्या: विष कोंबडीच्या अंगात काय करतं*

कोंबडी दाणा टिपते तो थेट पोटात जात नाही. गळ्याखाली एक पिशवी असते, तिच्यात तो साठतो. तिथून थोडा थोडा पुढे सरकतो. म्हणजे सकाळी आठला खाल्लेलं बी दुपारीसुद्धा त्या पिशवीत असू शकतं आणि विष तासन् तास अंगात उतरत राहतं.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या.
▪️ दुपारी बरी दिसणारी कोंबडी रात्री पडू शकते. म्हणून ज्या ज्या कोंबड्या त्या बियाण्याजवळ होत्या, त्या सगळ्या आजारी समजायच्या.
▪️ लवकर हालचाल केली तर वाचवायला संधी असते, कारण सगळं विष अजून अंगात उतरलेलं नसतं.

क्लोरपायरीफॉस, प्रोफेनोफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट ही सगळी एकाच घराण्यातली औषधं. कार्बोफ्युरॉनसारखी औषधं त्यांची चुलत भावंडं. मेंदूकडून नसांमार्फत स्नायूला "आवळ" असा निरोप जातो. काम झालं की शरीरातलं एक द्रव्य तो निरोप पुसून टाकतं. ही औषधं त्या पुसणाऱ्या द्रव्यालाच बांधून ठेवतात. मग निरोप पुसला जात नाही. स्नायू थरथरत राहतात, लाळ थांबत नाही, छातीत चिकट पाणी साठतं आणि शेवटी कोंबडी श्वास कोंडून मरते. पक्ष्यांच्या शरीरात हे विष निकामी करायची ताकद गाई-म्हशींपेक्षा कमी असते, त्यामुळे थोडंसंही त्यांना भारी पडतं.

*ओळखायचं कसं*

🔴 चोचीतून लाळ, तारा लोंबणं
🔴 चोच उघडी टाकून, मान लांब करून श्वास घेणं
🔴 पातळ विष्ठा
🔴 पंख खाली सोडणं, लडखडणं, बसून राहणं
🔴 थरथर, झटके, शेवटी पाय ताठ

मानमोडी (राणीखेत) आणि विषबाधा यात गल्लत होते. मानमोडी दोन-चार दिवसांत एकीकडून दुसरीकडे पसरते. हिरवट विष्ठा, मान वाकडी दिसते. विषबाधेत खाल्ल्यापासून काही तासांत बऱ्याच कोंबड्या एकदम पडतात, आणि बहुतेक वेळा सगळ्यात धडधाकट, खादाड कोंबडी आधी पडते, कारण तिनं जास्त खाल्लेलं असतं. गळ्याखालची पिशवी भरलेली लागते.

विष खाल्ल्याचा काहीच पुरावा सापडत नसेल आणि कोंबड्या अचानक मरत असतील तर बर्ड फ्लूचीही शंका धरावी लागते. उघड्या हातानं मेलेली कोंबडी उचलू नका, नाकातोंडाला रुमाल बांधा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

*पहिल्या तासात काय करायचं*

1️⃣ कोंबड्या बियाण्यापासून हाकला आणि डाल्यात किंवा खुराड्यात कोंडा. पसरलेलं बी झाका. पिल्लं, बदकं, कुत्रं, लहान पोरं, सगळ्यांना लांब करा.

2️⃣ औषधाचा डबा किंवा बाटली हातात घ्या. लेबलचा स्पष्ट फोटो काढा. औषधाचं नाव, किती टक्के, आणि बारीक अक्षरातली विषबाधेवरच्या उताऱ्याची ओळ दिसली पाहिजे. लेबलवर चौकोनात रंगीत त्रिकोण असतो: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा.

3️⃣ पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा, किंवा 1962 या टोल फ्री नंबरवर करा. "कोंबड्या आजारी आहेत" एवढंच सांगू नका. कोणतं औषध, किती वाजता खाल्लं, किती कोंबड्या, अंदाजे वजन किती, आणि तुमच्याकडे ॲट्रोपिन आहे का, एवढं बोला. नसेल तर दुसरा दवाखाना शोधायला वेळ मिळतो.

4️⃣ कोंबड्या शांत, अंधाऱ्या, उबदार जागी ठेवा. खाली पोतं अंथरा. आडव्या पडलेल्या कोंबडीला छातीवर बसवून दोन्ही बाजूंनी कापडाचा आधार द्या, म्हणजे लाळ श्वासनळीत जात नाही. मान धरू शकणाऱ्या कोंबडीपुढे उथळ भांड्यात स्वच्छ पाणी ठेवा. दाणा सध्या नको.

5️⃣ फवारा अंगावर पडला असेल तर हातमोजे घालून कोमट पाण्यानं आणि साध्या साबणानं पिसं धुवा, फडक्यानं पुसून कोरडी करा. ओली कोंबडी गारठून मरते, हे विसरू नका.

*काय करायचं नाही*

❌ दूध, तूप, गोडेतेल पाजू नका. यातली बरीच औषधं तेलात विरघळतात. तेल पोटात गेलं की विष उलट लवकर अंगात उतरू शकतं.
❌ मिठाचं पाणी देऊन ओकवायचा प्रयत्न करू नका. कोंबडी आपल्यासारखी ओकत नाही, आणि जास्त मीठ तिच्यासाठी स्वतःच विष आहे.
❌ उलटी धरून गळ्याची पिशवी दाबू नका. आतलं सगळं श्वासनळीत जाऊन ती जागेवर मरते. पिशवी धुणं किंवा छोटा छेद देऊन रिकामी करणं हे काम डॉक्टरांचं.
❌ पडलेल्या, बेशुद्ध कोंबडीच्या चोचीत काहीच ओतू नका. पाणीसुद्धा नाही.
❌ चुलीतली राख किंवा कोळसा कुटून देऊ नका. विष शोषून घेणारा कोळसा वेगळा असतो, मेडिकलमध्ये ॲक्टिव्हेटेड चारकोल नावानं मिळतो. डॉक्टरांनी फोनवर हो म्हटलं तर आणि कोंबडी नीट गिळत असेल तरच तो द्यायचा. मात्रा डॉक्टरांना विचारा, पाण्यात कालवा आणि चोचीच्या बाजूनं थेंब थेंब सोडा.

*डॉक्टर काय करतात*

वर सांगितलेल्या दोन घराण्यांच्या औषधांवर ॲट्रोपिनचं इंजेक्शन चालतं. ते अडकलेला निरोप स्नायू-ग्रंथींपर्यंत पोचू देत नाही. लाळ आटते, श्वास मोकळा होतो. पण पिशवीतून विष उतरतच असतं, म्हणून काही तासांनी परत द्यावं लागतं. एक इंजेक्शन झालं, कोंबडी उठली, आपण घरी गेलो, असं करू नका. दुसरा डोस कधी ते विचारूनच निघा. ॲट्रोपिन घरी आणून स्वतः टोचू नका. त्याचा डोस जास्त झाला तर तेही जीव घेतं.

सगळ्या विषांवर ॲट्रोपिन चालत नाही, म्हणून तर डबा न्यायचा:

▪️ *इमिडाक्लोप्रिड* (ज्वारी, कपाशीच्या बियाण्याला लावतात): याला खास उतारा नाही. पोटातलं विष काढणं आणि आधार देणं एवढंच.
▪️ *फिप्रोनिल*: कोंबडीवर्गीय पक्ष्यांना फार जहाल. उतारा नाही.
▪️ *उंदराची काळी पूड (झिंक फॉस्फाईड)*: पोटात गेल्यावर त्यातून विषारी वायू निघतो. उतारा नाही. मेलेली कोंबडी घरात चिरून बघू नका, तो वायू माणसालाही घातक आहे.
▪️ *उंदराची वडी (ब्रोमाडिओलोन)*: रक्त गोठणं बंद करते. लक्षणं दोन-चार दिवसांनी दिसतात. यावर व्हिटॅमिन के चालतं. म्हणून वडी खाताना पाहिलं असेल तर कोंबडी ठणठणीत दिसली तरी दवाखाना गाठा.

*आता सगळ्यात महत्त्वाचं: मांस आणि अंडी*

मरायला टेकलेली कोंबडी कापून खाऊ नका. आपल्याकडे ही सवय आहे आणि ती का आहे तेही कळतं. गावरान कोंबडी म्हणजे घरातल्या बाईच्या हातातला पैसा. पाच कोंबड्या मातीत पुरायच्या म्हटलं की जीव तुटतो. पण शिजवल्यानं विष जाईल असा भरवसा धरता येत नाही. पिशवीत आणि आतड्यात औषध तसंच असतं. कापताना ते हाताला, पाट्याला, मटणाला लागतं. ताटात पहिला घास लेकराचा असतो, आणि लेकराचं वजन कमी म्हणून त्याला विष जास्त लागतं. शेजाऱ्याला स्वस्तात विकणं म्हणजे तेच विष दुसऱ्याच्या घरात.

वाचलेल्या कोंबड्यांची अंडीसुद्धा लगेच खायची नाहीत, विकायची नाहीत, उबवायला ठेवायची नाहीत. एका अंड्यातला बलक भरायला साधारण दहा दिवस लागतात. म्हणजे आज खाल्लेलं विष दहा दिवसांनी घातलेल्या अंड्यातही येऊ शकतं. "चार दिवस झाले, आता चालेल" हा हिशोब चुकतो. अंडी आणि मांस किती दिवस बंद ठेवायचं ते औषधाप्रमाणे बदलतं, डॉक्टरांकडून दिवस विचारून घ्या आणि कॅलेंडरवर खूण करा.

मेलेल्या कोंबड्या उकिरड्यावर, ओढ्यात टाकू नका. कुत्रं, मांजर, घार खातात आणि तीही मरतात. विहीर-ओढ्यापासून लांब, निदान तीन फूट खोल खड्ड्यात पुरा, वर चुना टाका. शवविच्छेदन करायचं असेल तर एक कोंबडी पिशवीत बांधून बर्फात ठेवा आणि दवाखान्यात न्या. घरच्या फ्रिजमध्ये नको.

हे सगळं झाल्यावर हात साबणानं धुवा, कपडे वेगळे धुवा. घरात कोणाला मळमळ, घाम, लाळ, अंधारी, दम लागणं असं काही झालं तर वाट बघू नका. 108 ला फोन करा आणि डबा सोबत न्या.

*परत असं होऊ नये म्हणून*

✅ बीजप्रक्रिया केलेलं बी बंद खोलीत किंवा गच्चीवर वाळवा. अंगणात नाही. घरी औषध लावलेल्या बियाण्याला कंपनीच्या बियाण्यासारखा लाल-गुलाबी रंग नसतो, म्हणून पोत्यावर मोठ्या अक्षरात "विष" लिहा. उरलेलं बी कोंबड्यांना टाकायचं नाही, दळायचं नाही.
✅ तिफण असो की ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र, वळताना धुऱ्यावर बी सांडतं. ते मातीत झाका. घराजवळच्या रानात पेरणी असेल तर तो दिवस आणि पुढचे दोन-तीन दिवस कोंबड्या कोंडून ठेवा.
✅ फवारणीचा पंप जिथं कोंबड्या पाणी पितात तिथं धुवू नका.
✅ खुराड्यात उवा-पिसवा झाल्या म्हणून पिकाचं औषध मारू नका. पोल्ट्रीसाठीचं औषध वेगळं असतं, डॉक्टरांना विचारा. कोंबड्यांना लोळायला राख-मातीचा खड्डा करून द्या, खुराड्याला चुना मारा.
✅ फोरेटवर 31 डिसेंबर 2020 पासून बंदी आहे. घरात जुनी पुडी पडून असेल तर वापरू नका, कंपनीच्या ऑफिसला कळवा.

त्या ताईंच्या सहा कोंबड्या वाचल्या याला कारण कुठलं भारी औषध नव्हतं. ताईंनी डबा सोबत नेला, फोनवर औषधाचं नाव सांगितलं, म्हणून डॉक्टर इंजेक्शन भरून तयार होते. आणि संध्याकाळी दुसऱ्या डोससाठी त्या परत गेल्या. मामंजींनीही सुरी खाली ठेवली.

आज एकच काम करा. घरातल्या प्रत्येक औषधाच्या लेबलचा फोटो काढून मोबाईलमध्ये ठेवा, आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर सेव्ह करा. दोन मिनिटांचं काम आहे.

काही विचारायचं असेल तर याच नंबरवर मेसेज करा. रात्री असलं काही झालं तर आधी 1962, मग मला.

आपला,
कृषी सल्लागार
आपली शेतकरी उत्पादक कंपनी