गाडी तापते कधी, ते आधी सांगा

ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं. पेट्रोल इंजिनात पेटणारा वायू २००० अंशांच्याही वर जातो, आणि त्या जाळाखाली धावणारा पिस्टन असतो ॲल्युमिनियमचाच! इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये सेकंदाला २५ वेळा असा भडका उडतो. तरीही मे महिन्याच्या उन्हात जुनी मारुती ८०० वाशिमच्या पाटणी चौकातून सुखरूप निघून जाते. कारण प्रत्येक भडका क्षणात विझतो, आणि धातूत शिरलेली उष्णता मोजकं काही लिटर पाणी सतत बाहेर नेत असतं.

त्या पाण्यावर पहारा असतो थर्मोस्टॅटचा, आपल्या मिस्त्री लोकांच्या भाषेत ‘वॉल’चा. मला गाडीतला हा सगळ्यात विलक्षण भाग वाटतो. पितळी डबीत चिमूटभर मेण. ना वायर, ना बॅटरी. पाणी ८२ ते ८८ अंशांच्या आसपास पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं आणि रेडिएटरची वाट उघडते. पाणी निवलं की मेण आकसतं, वाट मिटते. तापणाऱ्या गाडीतून हा वॉलच काढून फेकायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती चुकीची आहे. इंजिन मग नेहमी थंडच चालतं, पेट्रोल जास्त पितं, लवकर झिजतं. आणि खरा दोष दुसरीकडे असेल तर तो तिथेच राहतो.

तो दोष शोधायला पहिला प्रश्न एकच : गाडी तापते कधी?

बाजारात, गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर तापमानाचा काटा खाली येतो, तर संशय फॅनवर. गाडी पळताना वारा फॅनचं काम करतो, उभी राहिली की फॅनशिवाय वाली नाही. उलट, गावात ठीक आणि समृद्धी महामार्गावर तापते, तर रेडिएटर चोंदलाय, पाणी कमी आहे किंवा वॉटर पंप थकलाय. डिसेंबर २०२२मध्ये नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून कारंजा, शेलूबाजारच्या जुन्या गाड्यांनाही तासाला १२०चा वेग खुला झाला. पण वेग ६०वरून १२० केला, की हवा कापायला आठपट ताकद लागते. त्यामुळे पेट्रोल बरंच जास्त जळतं आणि रेडिएटरवरचा भारही वाढतो. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापली, रेडिएटरचा वरचा पाइप गरम आणि खालचा थंडगार, तर वॉल अडकलेला असू शकतो.

आपल्या बेसाल्टच्या खडकातलं बोअरचं पाणी बहुधा जड. रेडिएटरमध्ये ते ओतत राहिलं की क्षार आतून थर धरतात, आणि हा थर धातूपेक्षा कितीतरी कमी उष्णता वाहू देतो. बाहेरून चकचकीत रेडिएटर आतून निम्मा बंद असतो तो असा. डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट, एवढंच त्यात जावं.

सगळ्यात फसवी खूण काट्याची. चढलेला काटा एकाएकी खाली पडला तर हायसं वाटून घेऊ नका. पाणी गळून गेलं असेल आणि सेन्सर कोरडा पडला असेल, तर तो आता पाण्याचं तापमान मोजतच नाही. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा. रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका : कुकरसारखं दाबाखाली असल्याने आतलं पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, झाकण सुटताच त्याची वाफ होऊन अंगावर येते. तापलेल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, सिलिंडर हेडला तडा जाऊ शकतो.

जुनी गाडी घेताना मालकाला सांगून ठेवा, मी येईपर्यंत सुरू करू नका. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचं झाकण उघडा. पाणी गंजकं असेल, सुरू केल्यावर बुडबुडे थांबत नसतील किंवा ऑइल दुधाळ दिसलं, तर हेड गॅस्केट गेल्याचा दाट संशय धरा आणि मिस्त्रीला दाखवल्याशिवाय बयाणा देऊ नका.