बंदूक वारशाने येते, परवाना येत नाही

सोलापूर जिल्ह्यात शेतवस्तीवरच्या काही जुन्या घरांत बारा बोअरची बंदूक असते. परवाना वडिलांच्या नावावर असतो. वडील गेल्यावर ‘घरचीच वस्तू’ म्हणून ती कपाटात तशीच राहते आणि मुलगा नकळत गुन्हेगार ठरू शकतो. शस्त्र अधिनियम, 1959 नुसार परवाना माणसाला मिळतो, घराण्याला नाही.

परवाना कोण देते?

ग्रामीण भागात जिल्हाधिकारी, म्हणजेच जिल्हादंडाधिकारी. सोलापूर शहरात पोलीस आयुक्त. अर्ज आला की जवळच्या पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. अर्जदाराकडे जमीनजुमला नाही, एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येत नाही.

कोणाला मनाई?

- 21 वर्षे पूर्ण न झालेल्यांना. नेमबाजीच्या सरावासाठी नियमांत वेगळी सवलत आहे.
- हिंसाचार किंवा नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात कैद भोगलेल्यांना, शिक्षा संपल्यापासून 5 वर्षे.
- ‘चॅप्टर केस’मध्ये शांततेचे बंधपत्र दिलेल्यांना, त्याची मुदत संपेपर्यंत.

मानसिक संतुलन ढळलेल्या व्यक्तीलाही परवाना मिळत नाही. यांपैकी कोणाला जाणूनबुजून शस्त्र विकणे किंवा देणे हाही गुन्हाच.

वडिलांच्या पश्चात

विनाविलंब बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावी आणि पावती जपून ठेवावी. मग वारसाने स्वतःच्या नावाने अर्ज करावा. 2016 च्या नियमांनुसार वडील हयात असतानाही हे करता येते: त्यांचे वय 70 झाले किंवा शस्त्र 25 वर्षे त्यांच्याकडे असले की. 2019 च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात. वारशाने आलेलीही त्यात मोजली जाते.

विकताना, हाती देताना

स्वतःची बंदूक विकायची तर घेणाऱ्याकडे परवाना हवा. त्याचे नाव-पत्ता जिल्हादंडाधिकारी किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवून 45 दिवस थांबावे लागते. दुरुस्तीला किंवा नूतनीकरणाला दुसऱ्याच्या हाती पाठवताना परवानाधारकाने लेखी अधिकार द्यावा. राखणीला गड्याच्या खांद्यावर बंदूक देणे या सवलतीत बसत नाही.

परवाना असला तरी

परवान्याने वन्यप्राणी मारण्याची मुभा मिळत नाही. डिसेंबर 2020 मध्ये करमाळा तालुक्यात माणसांवर हल्ले करणाऱ्या बिबट्याला गोळी घालण्यासाठीही वनखात्याचा आदेश काढावा लागला होता. वरातीत बेपर्वाईने हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर 2 वर्षांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. विनापरवाना बंदूक बाळगल्यास 2 ते 5 वर्षे कैद आणि दंड.

आज काय करावे?

घरात बंदूक असेल तर परवान्यावरचे नाव आणि मुदत आजच पाहा. नाव दिवंगत माणसाचे असेल तर आधी पोलीस ठाण्यात कळवा, बंदूक जमा करा आणि त्यानंतरच परवान्याच्या अर्जाला लागा. वडिलांची आठवण म्हणून ती ठेवायची असेल, तर तिचा कायदेशीर मार्ग एवढाच आहे.